लांब पायाची बहीण

बँटम कोंबडा वरून बघायचा नसतो. क्रॉफर्ड मार्केटच्या मागच्या अंगाला, लव्हबर्ड्सच्या कलकलाटातून मध्येच एखादी पातळ, चिरकी बांग ऐकू येते. तिथे पिंजरे एकावर एक रचलेले असतात आणि कोंबड्यांचा पिंजरा बहुधा सगळ्यांत खाली. गिऱ्हाईक उभ्यानं खाली बघतं. त्याला दिसते ती पाठ, म्हणजे पिसांचा एक गोंडस पुंजका, आणि तेवढ्यावर पाकीट बाहेर येतं. खरं तर तिथे सरळ उकिडवं बसावं, येणाऱ्याजाणाऱ्यांचे धक्के खावेत, पण पक्षी बाजूनं, त्याच्या खांद्याच्या पातळीवरून बघावा. दुकानदार चांगला असेल तर पिंजरा उचलून टेबलावर ठेवतो. असा दुकानदार मिळाला की निम्मी खरेदी झालीच म्हणायची.

समजा टेबलावर जपानी बँटम आहे. जाणकार त्याला चाबो म्हणतात. पांढरं अंग आणि काळी शेपटी ही त्यातली सगळ्यांत ओळखीची जोड. पण रंग नंतर, आधी नुसती बाहेरची रेषा बघायची. ती चोचीपासून निघते आणि मोठ्या एकेरी तुऱ्यावर चढते. अंगाच्या मानानं हा तुरा उद्धट वाटावा इतका मोठा असतो. तिथून ती मानेवरून खाली येते आणि पाठीवर पोचते न पोचते तोच पुन्हा वर निघते. पाठ अशी नाहीच. मान संपते तिथे शेपटी सुरू होते. शेपटीची मधली लांब पिसं किंचित बाक घेऊन ताठ उभी राहतात, थेट डोक्याच्याही वर जातात. त्यांचा पुढचा काठ तुऱ्याच्या मागच्या टोकाकडे झुकतो, आता टेकणार असं वाटतं, पण टेकत नाही. मधे जी बोटभर मोकळी जागा उरते, तिथे माझी नजर दर वेळी अडकते. ती जागा बुजली तर पक्षी गुदमरल्यासारखा दिसतो, फार रुंद झाली तर सैल पडतो. चांगले पैदासकार एवढ्याशा फटीसाठी पिढ्यान् पिढ्या निवड करत राहतात, आणि तो वेडेपणा आहे असं मला वाटत नाही.

फटीखालचा भाग वेगळ्याच स्वभावाचा. छाती भरदार, पुढे काढलेली. पंख खाली सोडलेले, टोकं जमिनीला टेकलेली. पाय आहेत की नाहीत असा संशय यावा इतके आखूड. वरचा अर्धा पक्षी आकाशाकडे ओढ घेतो आणि खालचा अर्धा जमिनीला चिकटून बसतो. ही ओढाताण म्हणजे चाबोचा डौल. तो चालू लागला की पावलं दिसत नाहीत, सगळा ऐवज एका लयीत पुढे सरकतो. अठराव्या शतकातला जपानी चित्रकार इतो जाकुचू कोंबड्यांच्या चित्रांसाठी प्रसिद्ध आहे. तो क्योतोच्या बाजारातल्या भाजी व्यापाऱ्याच्या घरचा, आणि कोंबड्या पाळून, त्या तासन् तास निरखून त्यानं त्या रंगवल्या. मंडईच्या गजबजाटात वाढलेल्या माणसालाच कोंबडा असा बघता यावा, हे मला फार पटतं. आपल्या क्रॉफर्ड मार्केटच्या दर्शनी भिंतीवरही लॉकवुड किपलिंगनं शेतकरी कोरले आहेतच. त्यांच्याकडे मान वर करून कितीजण बघतात ते सोडा.

आता लहान चणीबद्दल. बँटमला लोक 'बुटकी जात' म्हणतात आणि त्यात एक दया असते, काहीतरी खुरटलेलं बघितल्यासारखी. ही दया चुकीच्या पक्ष्याला जाते. जावा बेटाच्या पश्चिम टोकाला बांतेन नावाचं जुनं बंदर आहे. तिथून युरोपी जहाजांनी लहान चणीच्या कोंबड्या नेल्या आणि बंदराचं नाव त्यांना चिकटलं. त्या कोंबड्या कुणी मुद्दाम आखडवलेल्या नव्हत्या. सगळ्या पाळीव कोंबड्यांचा मूळ पुरुष म्हणजे तांबडा रानकोंबडा. तो स्वतः जेमतेम किलोभर भरतो आणि त्याची मादी त्याहून बरीच हलकी असते. म्हणजे पाऊण किलोची बँटम कोंबडी आपल्या पणजीच्या मापातच आहे. मापाबाहेर गेला आहे तो ब्रॉयलर, पाच-सहा आठवड्यांत दोन किलोंचा होणारा आणि स्वतःचं वजन पायांवर धड न पेलणारा. चिकनच्या दुकानात रोज तोच टांगलेला दिसतो, त्यामुळे आपली नजर त्या मापाला सरावली आहे.

चाबोचे पाय पिवळे असतात. या पिवळेपणाचा धागा आपल्या घराजवळ येतो. २००८ साली प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात असं दिसलं, की पाळीव कोंबडीच्या कातडीतला पिवळा रंग तांबड्या रानकोंबड्याकडून आलेला नाही. तो राखी रानकोंबड्याकडून आला. राखी रानकोंबडा म्हणजे सह्याद्रीतला, मानेवरच्या पिसांना मेणाचे थेंब लावल्यागत ठिपके असणारा. भीमाशंकरला किंवा आंबोलीला पहाटे ज्याची तुटक बांग ऐकू येते तोच. केव्हातरी, कुठेतरी दक्षिणेकडच्या गावकुसाबाहेर या कोंबड्याची पाळीव कोंबडीशी गाठ पडली आणि तिचे पाय जगभर पिवळे झाले. जपानी म्हणून मिरवणाऱ्या या पक्ष्याच्या नडगीवर पश्चिम घाटाची सही आहे. (हे वाचून कुणी रानकोंबडा पाळायच्या खटपटीला लागू नये. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं तो पाळणं, विकणं गुन्हा आहे.)

पण त्याच नडगीची लांबी ही दुसरी गोष्ट आहे, आणि ती तितकी आनंदाची नाही. चाबोचे आखूड पाय एका जनुकामुळे येतात. या जनुकाची एक प्रत असली की पाय आखूड होतात. दोन्ही प्रती आल्या तर पिल्लू जगत नाही. आखूड पायाचा नर आणि आखूड पायाची मादी, म्हणजे बाजारात 'एकदम ओरिजिनल जोडी' म्हणून जास्त भावानं विकली जाते ती, अंड्यावर बसवली की चार फलित अंड्यांपैकी सरासरी एक गर्भ मरतो. बहुतेक वेळा उबवणीच्या पहिल्या तीन-चार दिवसांतच. सातव्या दिवशी अंडं दिव्यासमोर धरलं तर आत रक्ताचं एक कडं दिसतं, किंवा काहीच कळत नाही. मग पाळणारा म्हणतो, कोंबडा कच्चा आहे, आणि कोंबडा बदलून आणतो. पुन्हा आखूड पायाचाच.

उरलेल्या तीन पिल्लांत दोन आखूड पायांची निघतात आणि एक लांब पायाचं. ते लांब पायाचं पिल्लू बघून हौशी माणसाचा चेहरा पडतो. 'मिक्स निघाली' म्हणून विकणाऱ्याशी भांडणही होतं. मिक्स वगैरे काही नसतं, तो सरळ हिशेब आहे. हा हिशेब न सांगता जोडी विकणारा एकतर अडाणी आहे किंवा लबाड, आणि दोन्हींकडून पक्षी घेऊ नये असं माझं मत आहे.

सौंदर्याची अशी वसुली चाबोतच होते असं नाही. सेब्राइट बँटम घ्या. सर जॉन सेब्राइट हा इंग्लंडमधला जमीनदार आणि खासदार. १८०९ साली त्यानं जनावरांच्या पैदाशीवर एक पुस्तिका लिहिली, जी पुढे डार्विननं वाचली. त्याच्या नावाच्या कोंबडीचं एकेक पीस चंदेरी किंवा सोनेरी असतं आणि त्याच्या कडेनं काळी रेघ फिरलेली असते, सारख्या जाडीची, शेवटपर्यंत न तुटणारी. पीस हातात घेऊन बघितलं तर कुणी बारीक कुंचल्यानं किनार ओढली आहे असं वाटतं. गंमत म्हणजे नर आणि मादी दोघांची पिसं एकसारखीच. कोंबड्याला लांब बाकदार शेपटी नाही, मानेवर टोकदार पिसांची झूल नाही. त्यानं कोंबडीचाच पोशाख घातलेला. थॉमस हंट मॉर्गन या शास्त्रज्ञानं १९१९ च्या सुमारास सेब्राइट कोंबड्यांची वृषणं काढली, तेव्हा त्यांना पुढच्या पिसगळीत भरघोस नराची पिसं आली! कारण बऱ्याच उशिरा कळलं. एका प्राचीन विषाणूचा तुकडा या जातीच्या जनुकांत शिरून बसला आहे आणि त्यामुळे कातडीतच नर संप्रेरकाचं मादी संप्रेरक होतं. कच्चा मालच बंद झाला तेव्हा कोंबड्याला त्याचा मूळचा पोशाख परत मिळाला.

या सेब्राइटच्या डोक्यावर असतो गुलाबतुरा, चपटा, बारीक दाणेदार, मागे एक टोक निघालेला. दिसायला देखणा. पण या तुऱ्याच्या जनुकाच्या दोन्ही प्रती असलेल्या नरांच्या वीर्यात जोर कमी असतो, अंडी फलित होण्याचं प्रमाण घसरतं. जुने इंग्रज पैदासकार म्हणून काय करत, तर गुलाबतुऱ्याच्या कळपात चुकूनमाकून निघालेली साध्या एकेरी तुऱ्याची कोंबडी फेकून देत नसत. तिलाच पैदाशीला वापरत. उफराट्या पिसांची कोंबडीही याच वाटेनं जाते. आपल्याकडे ती देवऋषींच्या गोष्टींमुळे बदनाम, आता 'फ्रिझल' नावानं महाग. उफराटी आणि उफराटी एकत्र आणली की काही पिल्लं ठिसूळ पिसांची, अर्धी उघडी निघतात. तिला जोडीदार साध्या पिसांचाच हवा.

म्हणून प्रदर्शनात पहिला नंबर कुणाला द्यायचा, हे ठरवणारी नजर आणि पैदाशीला कोण ठेवायचं, हे ठरवणारी नजर वेगवेगळी असावी लागते. पहिली नजर कमवायला एखादा मोसम पुरतो. दुसरीला माणूस बदलावा लागतो.

लालबाग-परळच्या चाळींना कोंबडा नवा नाही. गिरणीकामगार कोकणातून आले, त्यांच्यामागोमाग गावाकडचा कोंबडाही डालग्यात बसून आला. गौरीचा तिखटाचा सण असो की कुणाचा राखणदाराला बोललेला मान, गॅलरीच्या कठड्याला पाय बांधलेला गावठी कोंबडा दोन दिवस पाहुणचार घ्यायचा आणि तिसऱ्या दिवशी वड्यांबरोबर ताटात यायचा. त्याच्या शेपटीचा कोन कुणी मोजला नाही. बँटम पाळणारा माणूस त्याच गॅलरीत वेगळी गोष्ट मागतो आहे: पक्षी सहा-सात वर्षं राहणार, रोज आरवणार, रोज हगणार. शेजाऱ्यांचा त्यात वाटा आहे.

आरवण्यावर उपाय म्हणून लोक खुराड्यावर गोधडी टाकतात. नागोया विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१३ साली दाखवून दिलं की कोंबड्याची पहाटेची बांग त्याच्या शरीरातल्या घड्याळावर चालते. कायम अंधूक उजेडात ठेवला तरी तो वेळेला आरवतो. कोंबडं झाकलं म्हणून तांबडं फुटायचं राहत नाही हे आपण पिढ्यान् पिढ्या म्हणतो. झाकलेलं कोंबडं आरवायचंही राहत नाही. बँटमची बांग लहान असते, पण तिची पट्टी वरची. गिरगावच्या अरुंद गल्लीत समोरच्या माडीवरचा माणूस तिनं हमखास उठतो. ज्यांच्या इमारतीत हे चालणार नाही त्यांनी नुसत्या दोन-तीन कोंबड्या पाळाव्यात. अंडी मिळतात, आवाज मर्यादेत राहतो. पैदाशीची हौस मात्र विरार-वसईपलीकडे जागा असलेल्या मित्राकडे न्यावी. आणि विष्ठेचं म्हणाल तर दादरचा कबुतरखाना २०२५ च्या पावसाळ्यात ताडपत्रीनं झाकला गेला, तेव्हा पक्ष्यांच्या विष्ठेची धूळ आणि माणसाची फुप्फुसं यांवर इतकी चर्चा झाली की त्यात भर घालायची गरज नाही. खुराडं रोज साफ करायचं, ओलं तूस लगेच काढायचं. मुंबईचा पाऊस आणि जमिनीला टेकलेले पंख यांचं तसंही जमत नाही. जूनपासून चाबोला फळीवर, कोरड्या भुश्शावर ठेवला नाही तर पंखांची टोकं कुजकट होतात आणि पिल्लांना रक्ती हगवण लागते.

खरेदीत नजरेनंतर हात येतो. पक्षी हातात घ्यायला मिळाला नाही तर घेऊ नये. छातीचं हाड बोटाला लागलं पाहिजे, पण धार लागता कामा नये. उपाशी वाढलेली गावठी तलंगही लहान दिसते आणि बँटम म्हणून खपू शकते. तिची छाती धारदार असते, डोकं अंगाच्या मानानं मोठं, पंख तोकडे. खऱ्या बँटमचं उलट, अंग लहान पण पंख आणि शेपटी उदार. मग पक्षी कानाशी धरून श्वास ऐकावा, घरघर नको. नाकपुड्या कोरड्या, गुदाजवळची पिसं स्वच्छ, पायाचे खवले बसलेले, शेपटी मागून बघितली तर मधोमध. शेपटी एका बाजूला कललेली असेल तर भाव निम्मा केला तरी नको, तो दोष पिल्लांत उतरतो. दुकानाची राज्य प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी आहे का ते विचारावं. २०१८ च्या नियमांनी ती सक्तीची आहे. गुलाबी-हिरवी रंगवलेली पिल्लं दिसली तर पुढे चालू लागावं. ती बहुतेक अंड्याच्या जातींतली टाकाऊ नर पिल्लं असतात आणि रंगाखाली फार दिवस टिकत नाहीत.

घरी आणलेला पक्षी तीन-चार आठवडे जुन्या पक्ष्यांपासून वेगळा. मानमोडीची साथ आली की खुराडं रिकामं करूनच जाते. तिची लासोटा लस पहिल्या आठवड्यात पिल्लांच्या डोळ्यात-नाकात थेंबानं देतात. पण कुपी शंभर-दोनशे पिल्लांच्या हिशेबाची असते आणि एकदा कालवली की टिकत नाही. सहा पिल्लांसाठी कुणी ती फोडत नाही, आणि हौशी लोकांची पिल्लं बिनलसीची राहतात त्याचं कारण बहुतेक वेळा एवढंच असतं. चार ओळखीच्या हौशींनी ठरवून एकाच आठवड्यात पिल्लं काढली तर एक कुपी सगळ्यांना पुरते. आजारी पक्ष्यासाठी परळ आहेच. १८८६ साली सुरू झालेलं पशुवैद्यकीय महाविद्यालय आणि त्याच आवारातलं बाई साकरबाई दिनशा पेटिट रुग्णालय. जुने परळकर त्याला बैलघोडा हॉस्पिटल म्हणतात, आणि बैलघोड्यात अर्ध्या किलोचा कोंबडा काखेत घेऊन जायला लाजायचं काही कारण नाही. बर्ड फ्लूच्या बातम्या आल्या की मात्र सगळी देवाणघेवाण थांबवायची. २००६ साली नवापूरला, २०२१ साली परभणीच्या मुरुंब्याला काय झालं ते आठवावं. बाधित जागेच्या एक किलोमीटरच्या आतले पक्षी मारतात, तेव्हा तुमचा चाबो किती पिढ्यांचा आहे हे कुणी विचारत नाही.

पैदाशीत सगळ्यांत महत्त्वाची वस्तू म्हणजे वही. कोणत्या कोंबडीचं अंडं, कोणता नर, किती अंडी बसवली, किती फलित, किती कवचात मेली, पायात कोणत्या रंगाचा वाळा. नर बदलला तर तीन आठवडे अंडी बसवू नयेत. कोंबडी जुन्या नराचं बीज तेवढे दिवस सांभाळून असते आणि वहीत खोटा बाप लिहिला जातो. उबवणीला मशीनपेक्षा खुडूक कोंबडी बरी. बँटम कोंबड्या खुडूक व्हायला फारशा आढेवेढे घेत नाहीत, सहा-आठ अंड्यांवर एकोणीस ते एकवीस दिवस मन लावून बसतात. त्यातून निम्मी पिल्लं नर निघतात, आणि इथे हौस थोडी कडू होते. एका नराला चार-पाच माद्या पुरतात, मग बाकीच्या नरांचं काय? माझं उत्तर लालबागच्या त्या जुन्या गॅलरीतलंच आहे: ज्याला ठेवता येत नाही त्याला नीट वाढवून, नीट मारून खावा. पिशवीत घालून रात्री बाजारात सोडून येणं हे त्याहून वाईट. ज्याला दोन्ही जमत नाही त्यानं अंडी बसवू नयेत, ऑम्लेट करावं. बँटमच्या दोन अंड्यांत साध्या एका अंड्याएवढं भरतं.

आता पुन्हा त्या लांब पायाच्या पिल्लाकडे. ती मादी असेल तर तिच्याकडे नीट बघा. तुरा तोच, छाती तीच, शेपटीची उभारी बापाची. फक्त पाय रानातल्या कोंबडीचे. आखूड पायाचा देखणा नर तिच्यावर सोडला की निम्मी पिल्लं आखूड पायांची होतात, निम्मी लांब, आणि त्या जनुकापायी एकही अंड्यात मरत नाही. 'ओरिजिनल जोडी'तूनही चार फलित अंड्यांमागे आखूड पायाची पिल्लं दोनच मिळत होती. म्हणजे तोटा काहीच नाही, फक्त एक गर्भ वाचला. शिवाय ही मादी जास्त चालते, पावसाळ्यात तिचे पंख कोरडे राहतात, आणि बाजारात तिला कुणी विचारत नाही. टेबलावरचा कोंबडा पसंत पडला तर त्याच्या पिंजऱ्यातली आखूड पायाची कोंबडी परत करावी आणि विचारावं, याच घरातली लांब पायाची बहीण कुठे आहे. ती बहुतेक वेळा मागच्या मोठ्या पिंजऱ्यात, गावठी कोंबड्यांमध्ये, गावठीच्या भावात असते.